उरलेले सात मासे

वाचकहो, एकच शब्द तीन भाषांत ऐकला की बेळगावच्या माणसाचा कसा गोंधळ उडतो, हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. 'बेट' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं पाण्यातली जमीन येते, नाहीतर बांबूचं बेट. कानडीत 'बेटे' म्हणजे शिकार. आणि इंग्रजीत 'बेट' म्हणजे गळाला लावायचं आमिष. त्यामुळं २०१९ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या आमच्या थोरल्याच्या शेजाऱ्यानं, "उद्या सकाळी बेट आणायला ओढ्यावर चाललोय, येता का?" असं विचारलं, तेव्हा मी मराठी कानानं ऐकून म्हटलं, एवढ्या थंडीत हा गृहस्थ कुठलं बेट आणणार? माझा नातू मात्र आईच्या कानानं ऐकून उड्या मारायला लागला. त्याला वाटलं, शिकार!

आमची सूनबाई धारवाडची. म्हणजे घरात कानडी, मराठी आणि बाहेर इंग्रजी. नातू तेव्हा सात वर्षांचा होता. मला तो 'अज्जा' म्हणतो आणि एका वाक्यात तिन्ही भाषा कालवतो. आपल्या सीमाभागातल्या घरांत हे चालतंच, पण तिकडं मिनेसोटात, मिसिसिपी नदीच्या काठच्या सेंट क्लाउड गावात, बर्फानं वेढलेल्या घरात ते ऐकताना फार बरं वाटायचं. घराबाहेर सगळं पांढरं. झाडांना पान नाही, रस्त्यावर माणूस नाही. महिन्याभरात माझी सगळी पुस्तकं वाचून झाली होती. तेव्हा ओढ्यावर काय, कुठंही जायला मी तयार होतो.

शेजारी सत्तरी ओलांडलेले. त्यांचे पूर्वज नॉर्वेहून आलेले. मिनेसोटात अशी घराणी पुष्कळ आहेत. हिवाळ्यात तळी गोठली की बर्फाला भोक पाडून मासे धरायचे, हा त्यांचा लहानपणापासूनचा नाद. आपल्याकडं पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला सगळा गाव ओढ्यावर लोटतो ना, तसंच तिकडं तळं गोठलं की लोक खोपटी, शेगड्या, बादल्या घेऊन बर्फावर जातात. तळ्यावर खोपट्यांची वस्तीच उभी राहते. मार्च उजाडला की ठरलेल्या तारखेच्या आत ती उठवायची, असा कायदा आहे. नाहीतर बर्फ वितळला की खोपटं तळ्याच्या तळाशी!

तर आधी आमिष. तिथल्या दुकानात ते डझनावारी विकत मिळतं. पण आमच्या शेजाऱ्यांना ओढ्यातून स्वतः धरलेलंच लागायचं. आमिष म्हणजे बोटाएवढे जिवंत मासे. त्यांना तिकडं मिनो म्हणतात. हे एका माशाचं नाव नाही, बारक्या माशांच्या एका मोठ्या कुळाचं आहे. आपली रोहू, कटला ही मंडळीही लांबच्या नात्यानं त्याच गोतावळ्यातली. गावाबाहेर झऱ्याच्या पाण्याचा एक ओढा होता. झऱ्याचं पाणी जमिनीतून येतं म्हणून त्याला थोडी ऊब असते, आणि वाहतं असल्यानं ते कडाक्याच्या थंडीतही जागोजागी उघडं राहतं. तिथं त्यांनी आदल्या दिवशी तारेच्या जाळीचा पिंजरा पाण्यात सोडला होता. आकार दोन नरसाळी तोंडं आत करून जोडावीत तसा. आत पावाचा तुकडा. मासा रुंद बाजूनं आत येतो आणि त्याला परत बारीक भोक सापडत नाही. आपल्याकडं बांबूच्या कामट्यांचे असेच सापळे लावतात. कानडीत त्याला 'कूळी' म्हणतात. हजारो मैलांवर तीच युक्ती बघून मला हसू आलं. पिंजऱ्याला एक पट्टी बांधलेली होती, तिच्यावर त्यांचं नाव नि पत्ता. कुणाचा पिंजरा आहे ते कळलं पाहिजे, असा तिथला नियम.

पिंजरा वर काढला तर आत तीसचाळीस मासे वळवळत होते. शेजाऱ्यांनी ते एका पसरट भांड्यात ओतले आणि आपण तांदळातले खडे निवडतो तसे निवडायला लागले. ज्यांचं डोकं जाड, रंग मातकट, ते 'फॅटहेड'. चंदेरी चकचकीत ते 'शायनर'. जरा दांडगे ते 'चब'. हे चालतात. पण मोठ्या खाण्याच्या माशांची पिल्लं त्यात आली असतील तर ती आमिष म्हणून वापरायला कायद्यानं बंदी. कार्प नि गोल्डफिशलाही बंदी. म्हणून ओळखता आलं पाहिजे. नको असलेले मासे त्यांनी तिथल्या तिथं, त्याच पाण्यात परत सोडले. ते सुळकन निघून गेले. नातवानं टाळ्या वाजवल्या.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं या टाळ्यांवरून झालं.

निवडलेले दोन डझन मासे बादलीत घातले, पण बादलीत ओढ्याचं पाणी नव्हतं. शेजाऱ्यांनी घरून एका डब्यात पाणी आणलं होतं, नळाचं. ते आधी बादलीत ओतलं आणि मासे जाळीनं निथळून त्यात सोडले. मी विचारलं, "ओढ्यात एवढं पाणी असताना घरून कशाला वाहून आणायचं?" ते म्हणाले, "एका जागेचं पाणी दुसऱ्या जागी न्यायचं नाही. मासे कुठले धरले आणि कुठं नेतोय, दोन्ही माहीत पाहिजे." आदल्या रात्री त्यांनी त्या डब्यात एका बारक्या बाटलीतले चार थेंब टाकताना मी पाहिलं होतं. कसले, ते विचारलं नाही. पन्नास वर्षांनी माणसाला प्रश्न विचारायची लाज वाटायला लागते. निवृत्त शिक्षकाला तर जास्तच.

मग तळ्यावर गेलो. वाचकहो, खरं सांगतो, पहिलं पाऊल टाकताना माझे पाय लटपटत होते. खाली पंधरावीस फूट पाणी आणि आपण त्यावरून चालतोय! शेजारी पुढं पहारीनं बर्फ ठोकत चालले होते. माणसाला चालायला निदान चार इंच घट्ट, नितळ बर्फ पाहिजे, असं तिथलं सरकारी खातं सांगतं. आणि कुठलाही बर्फ पूर्ण सुरक्षित समजू नका, असंही सांगतं. त्या दिवशी फूटभराहून जास्त होता. तरी मधूनच खालून गडगडल्यासारखा आवाज यायचा. बर्फ थंडीनं आकसतो, पसरतो, त्याचा तो आवाज. नातू निवांत होता. मी मनात रामरक्षा म्हणत होतो.

सुताराचं गिरमिट असतं ना, त्याचाच थोरला भाऊ म्हणावा असं अवजार घेऊन त्यांनी बर्फात वीतभर रुंदीची भोकं पाडली. भोकात तरंगणारा बर्फाचा चुरा काढायला झारा. हो, अगदी बुंदी गाळायचा झारा वाटावा असा. हिवाळ्यात तिथं एका माणसाला दोन गळ टाकायची मुभा आहे. एक हातात धरायचा आखूड काठीचा. दुसरा भोकावर ठेवून द्यायचा, त्याला स्प्रिंगचा झेंडा. माशानं ओढलं की झेंडा उभा राहतो. मी थोड्या दिवसांचा परवाना काढला होता, लहान मुलाला तो लागत नाही. नातवाला मी सांगितलं, तुझी आई ज्याला 'गाळ' म्हणते त्याला आम्ही गळ म्हणतो आणि आमचा गाळ म्हणजे तळाचा चिखल. तो म्हणाला, "मग अज्जा, आपला गाळ गाळात गेलाय!"

एवढ्या थंडीत खाली मासे जिवंत कसे, हा प्रश्न मला शाळेत मुलं विचारायची आणि मी फळ्यावर चित्र काढून सांगायचो. पाणी सगळ्यात जड असतं ते चार अंश सेल्सिअसला. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. म्हणून बर्फ छपरासारखा वर राहतो, आणि तळाशी चार अंशांचं पाणी नि त्यात मासे. तीस वर्षं शिकवलेली गोष्ट त्या दिवशी मी प्रथम पायाखाली अनुभवली. थंडीत माशाचं अंगही मंदावतं, तो उगीच धावाधाव करत नाही. म्हणून समोर हळूहळू हलणारा जिवंत मासा ठेवला तर तो तोंड उघडतो. जिवंत आमिषाचा सगळा खेळ एवढ्यावरच.

आता गळाला मासा लावायची वेळ आली. शेजाऱ्यांनी बादलीतून एक फॅटहेड उचलला आणि पाठीवरच्या परामागं, कण्याला धक्का न लावता, हूक कातडीतून आरपार घातला. कण्याला लागलं तर तो लगेच मरतो. असा लावला तर बराच वेळ पोहत राहतो. एक मासा हातातून निसटून जखमेसकट परत बादलीत पडला. त्याबरोबर बाकीचे सगळे तळाशी जाऊन एकमेकांना चिकटून बसले, जणू कुणी हाक दिली. मी नंतर वाचलं, या कुळातल्या माशाची कातडी फाटली की तिच्यातून एक द्रव्य पाण्यात उतरतं आणि त्याच्या वासानं बाकीचे सावध होतात. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञानं १९३८ साली हे प्रथम मांडलं. मधमाशांच्या नाचाचा अर्थ लावून पुढं १९७३ चं नोबेल मिळवलं, तेच हे गृहस्थ.

नातवानं शास्त्र वाचलेलं नव्हतं, पण त्यानं बादली पाहिली होती. तो एकदम म्हणाला, "अय्यो, पाप!"

आता तुम्ही ओळखलंच असेल. कानडीत 'पाप' म्हणजे 'बिच्चारा'. धारवाडची आई मांजराचं पिल्लू भिजलेलं दिसलं तरी 'अय्यो पाप' म्हणते. पण माझ्या कानात शिरला तो मराठी शब्द. सात वर्षांचं पोर, शाकाहारी आईच्या हातचं जेवणारं, माशाला हूक टोचताना बघून पाप म्हणतंय! माझा हात थांबला. मी स्वतः मासे खाणारा माणूस. मला कधी असला प्रश्न पडला नव्हता. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "घाबरू नको. जे उरतील ते आपण सोडून देऊ."

"प्रॉमिस, अज्जा?"

"प्रॉमिस."

दुपार कलताना झेंडा उभा राहिला. काचेसारखे डोळे चमकणारा 'वॉलाय' मासा लागला. मिनेसोटाचा तो राज्यमासा आहे, अंधुक उजेडात त्याला फार चांगलं दिसतं. दोन पिवळे पर्चही मिळाले. काही मिनो पर्चनी कुरतडून नेले, काही वापरले गेले. आवराआवर केली तेव्हा बादलीत सात उरले होते. नातवानं मोजले. आणि तो बादली ओढत भोकाकडं निघाला. "बिट्टुबिडोण, अज्जा!" सोडून देऊ या!

शेजाऱ्यांनी बादलीच्या कडीवर हात ठेवला. आवाज न चढवता म्हणाले, "नाही. इथं सोडायचे नाहीत."

"मग परत ओढ्यात नेऊ," मी म्हणालो.

"तिथंही नाही. ही बादली, हे हात आता या तळ्यावर येऊन गेलेत. उरलेलं आमिष कचऱ्याच्या डब्यात जातं. नियम आहे."

मला राग आला. जिवंत मासे कचऱ्यात! सकाळी ओढ्यावर ह्याच माणसानं नको असलेले मासे पाण्यात सोडले होते, पोरानं टाळ्या वाजवल्या होत्या. मग आता काय झालं? ते म्हणाले, "सकाळी ज्या पाण्यातून काढले त्याच पाण्यात, त्याच घटकेला सोडले. तिथं नवं काही गेलं नाही."

आणि मग त्यांनी जे सांगितलं त्यातलं पुष्कळसं मी नंतर सरकारी पत्रकातून आणि पुस्तकातून ताडून पाहिलं. तिकडं ग्रेट लेक्स नावाची समुद्रासारखी पाच सरोवरं आहेत. माशांना रक्तस्राव करून मारणारा व्हीएचएस नावाचा विषाणू २००५ साली तिथं ओळखला गेला. त्या नि पुढच्या वर्षी तिथल्या काही पाण्यांत मेलेल्या माशांचे थर किनाऱ्याला लागले. माणसाला त्याची बाधा होत नाही, पण अनेक जातींच्या माशांना होते. बादलीतल्या आमिषाबरोबर तो एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जाऊ शकतो. म्हणून २००६ च्या ऑक्टोबरात तिथल्या केंद्र सरकारनं सरोवरांलगतच्या आठ राज्यांतून जिवंत मासे बाहेर नेण्यावर निर्बंध घातले. दुसरं उदाहरण झेब्रा शिंपल्याचं. नखाएवढा पट्टेरी शिंपला, मूळचा काळा समुद्र नि कॅस्पियनकडचा. जहाजांच्या तळातल्या पाण्यातून आला, आणि मिनेसोटाच्या डुलुथ बंदरात १९८९ मध्ये सापडला. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. ओंजळभर पाण्यात ती असू शकतात. एकदा तळ्यात शिरला की नळांत, नावांवर, खडकांवर थर साचवतो आणि पाण्यातलं बारीक अन्न गाळून फस्त करतो. काढता येत नाही. म्हणून तळं सोडताना बादलीतलं पाणी तिथंच ओतायचं. आमिष जिवंत ठेवायचं असेल तर बरोबर आणलेलं स्वच्छ पाणी भरायचं.

"तळं आजारी पडलं तर त्याला औषध नाही," ते म्हणाले, "आणि माझी नातवंडं इथंच मासे धरणार आहेत."

पटत होतं. पण समोर माझा नातू उभा होता आणि मी शब्द दिला होता. मी म्हटलं, "हे सात मी घरी नेतो." ते म्हणाले, "न्या. पण कुठल्या पाण्यात सोडू नका." बादलीतलं पाणी बर्फावर ओतून त्यांनी डब्यातलं उरलेलं पाणी घातलं. ते जेमतेम तळ झाकण्याएवढं होतं.

रात्री मासा त्यांच्याच घरी शिजला, आमच्या सुनेच्या स्वयंपाकघरात मासा चालत नाही. मी जेवून परत आलो तर नातू तळघरात बादलीपुढं बसलेला. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. एवढ्याशा पाण्यात सातजणांना हवा पुरेना. थंड पाण्यात प्राणवायू जास्त मावतो, आणि इथं तर गरम घरात पाणी कोमट होत चाललेलं. मला कीव आली. मी उत्साहानं नळ सोडला आणि बादली भरली. मासे खाली गेले. नातू खूष. मीही खूष. दोघंही झोपलो.

सकाळी साती मासे पोट वर करून तरंगत होते.

ते चार थेंब कसले होते, ते मी त्या सकाळी शेजाऱ्यांना विचारलं. नळाच्या पाण्यात आपल्यासाठी जंतुनाशक म्हणून क्लोरीन घातलेलं असतं. माणसाला ते चालतं, माशाचे कल्ले भाजून काढतं. तो मारायचे ते थेंब. शिवाय बर्फाच्या तळ्यावरचा मासा एका रात्रीत उबदार घरात आणला, तोही धक्काच. तिकडं पाण्यात विष आहे का हे तपासायला प्रयोगशाळांत जो मासा वापरतात तो हाच फॅटहेड. म्हणजे माझ्या अडाणीपणाची परीक्षा घ्यायला याहून योग्य मासा सापडला नसता.

नातू काही बोलला नाही. रडलाही नाही. फक्त 'पाप' म्हणाला, आणि या वेळी तो कुठल्या भाषेतला होता ते मला कळलं नाही. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. सूनबाई म्हणाली, "मावा, त्याला खरं काय ते सांगा. 'चुकलं' म्हणा. त्याला चालेल."

मी सांगितलं. आधी माझी चूक, मग तळ्याची गोष्ट, आणि मग माझ्या लहानपणाची. मार्कंडेय नदीच्या काठचं आमचं गाव. मी त्याच्याच वयाचा असताना नदीतले बारके मासे तांब्यात भरून आणले आणि घरच्या आडात सोडले. आजी म्हणाली, पुण्य लागलं हो तुला. मला आयुष्यभर वाटत आलं की जीव सोडणं म्हणजे पुण्यच. देवळाच्या तळ्यात मासे सोडणारे, त्यांना लाह्या घालणारे आपण लोक. पण आड चार भिंतींचा असतो. तळ्याला ओढा असतो, ओढ्याला नदी, मार्कंडेयला घटप्रभा आणि घटप्रभेला कृष्णा. एका ठिकाणी सोडलेला जीव कुठवर जाईल, हे सोडणाऱ्याला दिसत नाही.

नातवानं विचारलं, "मग सोडणं पाप?"

मी म्हटलं, "धरलेल्या जागी, धरल्या घटकेला सोडणं, ती दया. दुसऱ्याच्या पाण्यात सोडणं म्हणजे आपल्या मनाचं ओझं दुसऱ्याच्या अंगणात टाकणं. आणि लागतील तेवढेच धरणं सगळ्यात बरं. दोन डझन धरले नसते तर सात उरलेच नसते."

त्यानं थोडा विचार केला. "नेक्स्ट टाइम डझनच," म्हणाला. मग आमचं बोलणं सुरू झालं. त्या महिनाअखेरीस थंडीची अशी लाट आली की शाळा बंद पडल्या, आणि पुन्हा तळ्यावर जाणं झालंच नाही.

हे सगळं आज का आठवलं? आपल्याकडंही हेच चाललंय म्हणून. आफ्रिकन मागूर, बाजारात ज्याला थाई मागूर म्हणतात, तो दिसेल ते खाऊन फस्त करतो. त्याच्या पैदाशीवर केंद्र सरकारनं २००० साली बंदी घातली, तरी तो चोरून पाळला जातो नि पाण्यात निसटतो. काचेच्या पेटीत शेवाळ खायला ठेवतात तो सकर मासा, मोठा झाला की लोक दयेनं तळ्यात सोडतात. देशातल्या कितीतरी नद्या-तळ्यांत आता तो कोळ्यांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो, आणि त्याला बाजारात कुणी विचारत नाही. सोडणाऱ्यांपैकी कुणीही दुष्ट नव्हतं. सगळ्यांनी जीवदानच दिलं होतं.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतलं एक कुटुंब बदली होऊन निघालं. सामान ट्रकमध्ये चढलं. शेवटी धाकटी मुलगी प्लॅस्टिकच्या पिशवीत चार मासे घेऊन उभी. तिचे वडील म्हणाले, "जाता जाता किल्ला तलावात सोडतो, काका. बिचारे जगतील तरी."

मी पिशवी मागून घेतली. मुलीला म्हटलं, "तुझे मासे माझ्याकडं राहतील, फोन करून विचारत जा." तिनं आधी पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि दिली. तिच्या वडिलांनी पेटी, जाळी नि खाऊची डबीही आनंदानं उतरवून दिली.

त्या रात्री नातवाला फोन लावला. आता तो माझ्याहून उंच झालाय, आवाज फुटलाय, मराठी थोडी गंजलीय. मी कौतुकानं सांगितलं, "बघ, चार मासे वाचवले. पेटीत घातले."

पलीकडून क्षणभर काही आलं नाही. मग त्यानं विचारलं, "नळाचं पाणी?"

"होय की."

"थेंब घातलास काय, अज्जा?"

घातले होते, वाचकहो. या वेळी दुकानदाराला आधी विचारून घातले होते.